पट, कॅटलॉग आणि पैसेवारी

शाळा तपासायला येणाऱ्या साहेबाला आमची जुनी माणसं ‘दिपोटी’ म्हणायची. इंग्रजांच्या काळात डेप्युटी इन्स्पेक्टर यायचा, त्याचा झाला दिपोटी. पुढे १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, साहेबाचा हुद्दा बदलला, पण आमच्या वडलांच्या तोंडी शेवटपर्यंत दिपोटीच राहिला.

मी मामाच्या गावी राहून सातवीपर्यंत शिकलो. गावाचं नाव नको. तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा. रायगड हे नाव १९८१ सालचं. दिपोटी येणार हे आठ दिवस आधी कळायचं. मग पोरींनी शाळा सारवायची, पोरांनी पताका चिकटवायच्या आणि वाचता येणारी चार पोरं पहिल्या रांगेत बसवायची. माझ्या शेजारी ठाकरवाडीतला एक पोरगा बसायचा. त्याला जोडाक्षरं जमत नसत. गुरुजी त्याला आदल्या दिवशीच सांगायचे, “उद्या म्हशी घेऊन रानात जा रे.” साहेब पुढच्या चौघांना वाचायला लावायचे, फळ्यावर एक भागाकार घालायचे, शेरेबुकात ‘प्रगती समाधानकारक’ लिहायचे आणि दुपारच्या एस्टीने परत. तो पोरगा चौथीत शाळेतून सुटला तो सुटलाच. शेरेबुकात त्याचं नाव कधी आलं नाही, मग त्याचं काय झालं हे विचारणार तरी कोण?

हे दुखणं जुनं आहे. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं, त्यात या दिपोटीचा विषय आहे. वर्षातून एकदा साहेब येऊन काही उपयोग नाही, निदान तीन महिन्यांनी तपासणी हवी आणि अधूनमधून न कळवता यावं, असं त्यांचं म्हणणं. गावच्या नि तालुक्याच्या अंमलदारांवरही त्यांची भिस्त नव्हती. त्यांना सवड नसते आणि त्यांची तपासणी वरवरची होते, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. ज्या मास्तरांची पोरं जास्त पास होतील त्यांना पगाराशिवाय काही जादा द्यावं, असंही त्यात आहे. इथे मात्र मी जरा अडखळतो. मुंबई इलाख्यात त्या काळी खाजगी शाळांना निकाल बघून अनुदान देण्याची पद्धत होतीच. पण पैसा निकालाला बांधला की म्हशींमागे जाणारी पोरं वाढणार, असं माझं मत.

२०११ साली मात्र सरकारने न भूतो अशी तपासणी केली. ३ ते ५ ऑक्टोबर, तीन दिवस, राज्यभर एकदम पटपडताळणी. पोरं मोजली, आणि एकच पोर दोन शाळांत दिसू नये म्हणून बोटाला मतदानासारखी शाई लावली. राज्यात सुमारे वीस लाख पोरं नुसती कागदावर निघाली. काम चांगलं झालं, यात वाद नाही. ६ तारखेला दसरा होता, आमचं हळवं भात कापणीला आलेलं, तरी लोक बांधावर बसून तेच बोलत होते.

पण आमच्या भागाचं गणित त्या तीन दिवसांत बसत नव्हतं. कर्जत तालुक्यातल्या कातकरी वाड्या ऑक्टोबरात भरलेल्या असतात. भातकापणी उरकली, दिवाळी झाली, की वीटभट्टीचा मालक आगाऊ रक्कम देऊन जातो आणि घरंच्या घरं पोरांसकट उचलून भट्टीवर जातात. ती परत येतात पावसाच्या तोंडाला. म्हणजे मोजणीच्या दिवशी पोर हजर, आणि जानेवारीत त्याच पोराच्या नावापुढे कॅटलॉगात काय लिहायचं हा गुरुजींना प्रश्न. गैरहजर लिहावं तर पट घसरतो, पट घसरला की शिक्षकाची जागा जाते. म्हणून हजर लिहितात. त्यांना मी सोडत नाही, खोटं ते खोटं. पण मोजण्याची रीतच त्यांना तिकडे ढकलते, हेही खरं.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला आणि शाळा व्यवस्थापन समित्या आल्या. त्यात पाऊण सदस्य पालक, आणि निम्म्या बाया. नातवंडाचा पालक म्हणून मीही एका समितीत बसलो. सुरुवातीला बैठकीत चहा, सह्या आणि खिचडीच्या तांदळाचा हिशेब, एवढंच. मी एकदा पैसेवारीचा दाखला दिला. पिकाची नजरपैसेवारी रस्त्यावरून होते आणि तिच्यावर कुठल्याच शेतकऱ्याचा विश्वास नसतो. पीककापणी प्रयोगात शेताचा ठरलेला तुकडा आखतात, कापतात, झोडतात, वजन करतात. तिथे वाद मिटतो. पोरांचंही तसं करा, म्हटलं. ‘प्रथम’ची माणसं २००५ पासून ‘असर’ पाहणीत हेच करतात. घरी जाऊन पोराच्या हातात कागद देतात: अक्षर, शब्द, उतारा, दुसरीच्या पुस्तकासारखी गोष्ट. कुठवर वाचतं ते लिहितात. देशातली पाचवीची जवळपास निम्मी पोरं ती दुसरीची गोष्ट वाचू शकत नाहीत, हे त्यातूनच चव्हाट्यावर आलं. २०१५ साली सरकारनेही ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ काढून पायाभूत चाचण्या सुरू केल्या. पुढे पुढे मात्र शाळा स्वतःच स्वतःला ‘प्रगत’ म्हणून जाहीर करू लागल्या, तेव्हा मला शेरेबुक आठवलं.

आमच्या समितीने एक साधी वही घातली. दर पोराचं एक पान, तीन महिन्यांनी वाचन घ्यायचं, आईबापासमोर. अंगठेवाल्या बायांनाही पोर अडखळतंय की सरळ वाचतंय हे कानाने कळतं. एक कातकरी बाई म्हणाली, “दादा, माजी पोर मास्तरच्या तोंडाकं बघून वाचते, पुस्तकात न्हाय बघत.” हे आम्हा कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

तीच पोर दिवाळीनंतर भट्टीवर गेली. स्थलांतर करणाऱ्या पोरांना शाळा हमीपत्रक देते, ते दाखवून जिथे जाईल तिथल्या शाळेत बसता येतं. तिकडच्या गुरुजींनी तिला बसवून घेतलं, हजेरीही प्रामाणिकपणे लिहिली. जूनमध्ये परत आली तेव्हा वही काढली. जाताना ती उतारा वाचत होती, आता शब्दांवर आली होती. दिवसभर शाळा आणि पहाटे चारपासून विटा वाहायला आईबरोबर, असं तिच्या आजीने सांगितलं. जुलैच्या बैठकीत आम्ही तो एकच विषय घेतला: पुढच्या दिवाळीला तिला आजीपाशी ठेवायचं, तर तिच्या जेवणाची सोय कोणी करायची. तांदूळ दोन घरांनी कबूल केला.