प्रतिक्रियात्मक रक्तशर्करान्यूनता

जेवणानंतर साधारण २ ते ४ तासांत रक्तातील ग्लुकोज प्रमाणाबाहेर घटण्याची अवस्था (→ इन्सुलिन, मधुमेह).

रक्तातील ग्लुकोज घटवणारे संप्रेरक इन्सुलिन १९२१ मध्ये हाती आले. त्याचा डोस जादा झालेल्या रुग्णांसारखीच लक्षणे, इन्सुलिन न घेणाऱ्यांतही दिसतात, हे अमेरिकन वैद्य सील हॅरिस यांनी १९२४ मध्ये नोंदवले. त्यांनी साखर कमी असलेला आहार सुचवला.

हात थरथरणे, घाम, धडधड, अचानक भूक ही लक्षणे. ती आहेत, तेव्हाच ग्लुकोज दर डेसिलिटरला ५५ मिलिग्रॅमखाली आहे आणि साखर दिल्यावर बरे वाटते, अशा तिन्ही गोष्टी जुळल्या तरच निदान पक्के होते (→ व्हिपल त्रयी). नुसती दुपारची मरगळ म्हणजे हा विकार नव्हे. जठराच्या शस्त्रक्रियेनंतर तो विशेष आढळतो.

चटकन शोषली जाणारी कर्बोदके इन्सुलिनची मोठी लाट उठवतात. ही लाट टाळणे हे आहाराचे सूत्र. सातारा-सांगलीच्या ताटात ते सोपे नाही. रिकाम्या पोटी उसाचा रस, साताऱ्याचे कंदी पेढे, तासगावचा बेदाणा (१०० ग्रॅममध्ये सुमारे ७९ ग्रॅम कर्बोदके) हे सारे वर्ज्य ठरते. ज्वारीची भाकरी ‘हलकी’ मानली जाते, पण पिठात सुमारे ७० टक्के कर्बोदकेच असतात. म्हणून चतकोर-अर्धी, सोबत मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, अंडी किंवा दही. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मात्र बेताने चालते.

दर ३ तासांनी थोडे खावे. प्रत्यक्ष झटका आल्यास मात्र १५ ग्रॅम साखर लगेच द्यावी लागते.