वांगाची ट्यूब आणि लाल चेहरा

चेहरा लाल, उन्हात किंवा चुलीपुढे आग, बारीक पुळ्या. धाराशिवच्या उन्हाळ्यात ही तक्रार घेऊन तुम्ही आलात, तर माझा पहिला प्रश्न असतो, "तोंडाला काय लावता?" कारण रोझेशिया जसा आपोआप होतो, तसाच दिसणारा विकार मलमानेही होतो.

१९५२ साली अमेरिकेत सुल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिझोन हे स्टिरॉइड त्वचेवर लावून गुण दाखवला. मोठाच शोध. पुढच्या दशकात त्याहून कितीतरी तीव्र स्टिरॉइड आली आणि चेहऱ्यापर्यंत पोहोचली. १९७४ मध्ये लेडन, थ्यू आणि क्लिगमन यांनी त्यातून होणाऱ्या विकाराला 'स्टिरॉइड रोझेशिया' म्हटलं. गंमत पाहा, याच क्लिगमन यांनी १९७५ मध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन हे रंग उजळवणारं तिहेरी मिश्रण सांगितलं. आपल्याकडे वांगावर मिळणाऱ्या तिहेरी ट्यूबा त्याच वाणाच्या. स्टिरॉइड तेवढं बहुधा मोमेटासोन. औषध काही आठवड्यांपुरतं होतं, लोकांनी ते वर्षानुवर्षं गोरेपणाचं क्रीम म्हणून लावलं.

स्टिरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात, चेहरा उजळ दिसतो. थांबवलं की त्या उलट जास्त फुलतात. म्हणून पुन्हा ट्यूब. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइडच्या मलमांना शेड्यूल एचमधली सूट काढून घेतली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री बंद. कागदावर तरी.

घरातली ट्यूब सोबत आणा. तीवर बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलं असेल, तर मनाने एकदम बंद करू नका. सुरुवातीचे काही आठवडे लाली वाढते, ती कशी सांभाळायची हे ठरवून सोडू. तोवर बाहेर पडताना स्कार्फ, आणि लिंबू, वाफ, ब्लीच बंद.