पुस्तक विकत घेतलं, मग फोनवरची प्रत कुणाची?

आजचा प्रश्न साधाय. छापील पुस्तक विकत घेतलं, तर त्याची डिजिटल प्रत फुकट मिळावी का?

आपल्यातले बरेच जण नांदेड-लातूर सोडून पुण्यात कोडिंग करतात. मीही त्यातलाच. नरहर कुरुंदकरांची पुस्तकं नांदेडच्या कपाटात, आणि मी हिंजवडीच्या बसमध्ये. एकदा पैसे दिलेत, मग फोनसाठी पुन्हा का द्यायचे?

कायदा म्हणतो, तुम्ही प्रत विकत घेतली, मजकुराचा हक्क नाही. हा हक्क लेखक गेल्यावर 60 वर्षं टिकतो. कुरुंदकर 1982 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेली पुस्तकं 2043 उजाडल्यावर सगळ्यांसाठी मोकळी होतील. तोवर सगळं प्रकाशकाच्या मर्जीवर.

अमेरिकेत अ‍ॅमेझॉननं 2013 मध्ये 'मॅचबुक' काढलं होतं. छापील पुस्तक घेतलेल्याला त्याचं ई-बुक फुकट, नाहीतर फार तर 2.99 डॉलरला. पण त्यात यायचं की नाही, हे प्रकाशकानं ठरवायचं. 2019 मध्ये योजना गुंडाळली.

आपल्याकडे 1967 मध्ये सुरू झालेली बालभारती एक पाऊल पुढंय. पाठ्यपुस्तकाची पीडीएफ सगळ्यांना मोफत, तरी छापील पुस्तकं दुकानात विकली जातातच. अर्थात पाठ्यपुस्तक घ्यावंच लागतं. कवितासंग्रहाचं तसं नसतं.

प्रकाशकाचीही अडचण खरीये. जुन्या मराठी पुस्तकांच्या फाइल्स युनिकोडमध्ये नाहीत, वेगळ्याच फॉन्टमध्ये आहेत. त्या बदलल्या की जोडाक्षरं तुटतात, रफार भलतीकडंच जातो. मग कुणीतरी ओळन् ओळ तपासायची. फाइलची कॉपी फुकट होते, मुद्रितशोधन होत नाही.

म्हणून माझं मत असं: नवीन पुस्तक युनिकोडमध्येच जुळवलेलं असेल, तर आत एक कोड छापा आणि प्रत फुकट द्या. जुन्यासाठी थोडे पैसे घ्या, आम्ही देऊ. पण फाइलला कुलूप नको.

कुलपाचा इतिहास आपल्याच जिल्ह्यात आहे. माहूर हे महानुभावांचं मोठं ठिकाण. या पंथानं आपल्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवल्या. आपल्या भाषेत, एन्क्रिप्ट केल्या! पोथ्या जपल्या गेल्या, पण 'लीळाचरित्र' हा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ पंथाबाहेरच्या वाचकांना कित्येक शतकं दिसलाच नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, भावे यांच्यासारख्या अभ्यासकांमुळं ते कुलूप निघालं.

त्यांना निदान परकी आक्रमणं आणि विटंबनेची भीती होती. आज पैसे मोजून पुस्तक घेणाऱ्या वाचकाची कसली भीती? टेलिग्रामवर चोरीची पीडीएफ फिरतेच. ती न उघडता जो लातूरच्या दुकानात जाऊन पुस्तक घेतो, त्याला तरी हक्काची फाइल द्या की!

तुम्हाला काय वाटतं? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.