हिबा, बै की इजारा? ‘फुकट’ खेळांचा इतिहास

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत राबणाऱ्यांच्या घरांतही आता प्लेस्टेशन दिसू लागलं आहे. कुणाच्या मामाने आखातातून आणलेलं, कुणी पालघरहून हप्त्यांवर घेतलेलं. ‘सर, वर्गणी भरली की दर महिन्याला गेम फुकट मिळतात,’ असं मुलं मला सांगतात. मी भाषेचा शिक्षक, त्यामुळे माझं लक्ष ‘फुकट’ या शब्दावरच अडतं. तो इथवर कसा आला, हे पाहण्यासारखं आहे.

मी शाळेत होतो तेव्हा, १९९५ साली, सेगा कंपनीने शॉ वॉलेसशी करार करून आपलं यंत्र भारतात आणलं. ८० टक्के आयात शुल्क चुकवण्यासाठी हा करार होता, तरी यंत्राची किंमत १८ हजार रुपये होती. आमच्या वाट्याला नकली यंत्रं आणि अदलाबदलीच्या कॅसेटी आल्या. पण घेतलेली कॅसेट आपली असे. ती विकता येई, धाकट्या भावाला देता येई.

त्याच सेगाने डिसेंबर १९९४ मध्ये अमेरिकेत वेगळाच प्रयोग सुरू केला होता. ‘सेगा चॅनल’वर महिन्याला सुमारे १५ डॉलर भरले की केबलवरून ५० पर्यंत खेळ घरात येत. यंत्र बंद केलं की उतरवलेला खेळ पुसला जाई. १९९८ मध्ये ही सेवा बंद पडली, पण कल्पना टिकली.

ती का टिकली? कारण या धंद्यात यंत्र अनेकदा तोट्यात विकलं जातं. एक्सबॉक्स यंत्राच्या विक्रीवर कधीच नफा झाला नाही, अशी साक्ष मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्याने २०२१ साली एपिक-ॲपल खटल्यात दिली. कमाई होते ती खेळांच्या विक्रीतून, दुकानाच्या दलालीतून आणि वर्गणीतून. सोनीने २०१० मध्ये ‘प्लेस्टेशन प्लस’ सुरू केलं आणि २०१२ मध्ये त्यातल्या खेळांचा संग्रह वाढवला. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ वर तर बहुतेक खेळ ऑनलाइन खेळण्यासाठी वर्गणी सक्तीची झाली. प्लेस्टेशन ३ वर तेच मोफत होतं. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टचा ‘गेम पास’ आला.

कंपनीचा फायदा अनेक बाजूंनी होतो. दर महिन्याला ठरलेली आवक येते. विक्री थंडावलेला जुना खेळ पुन्हा कामी येतो. २०१५ मध्ये ‘रॉकेट लीग’ वर्गणीदारांना पहिल्या दिवसापासून मिळाला आणि अल्पावधीत जगभर गाजला, म्हणजे बनवणाऱ्यांचंही भलं झालं. सर्वांत मोठा फायदा मात्र ग्राहक बांधला जाण्याचा. चार वर्षं गोळा केलेले ‘फुकट’ खेळ वर्गणी थांबताच कुलूपबंद होतात, म्हणून माणूस दुसऱ्या कंपनीचं यंत्र घ्यायला कचरतो. मग दर वाढवणं सोपं जातं. अमेरिकेत प्लसची वर्षाची वर्गणी २०१६ पर्यंत ५० डॉलर होती, नंतर ६० झाली आणि २०२३ मध्ये ८०.

आपल्या फिक्हमध्ये यासाठी नेमके शब्द आहेत. ‘हिबा’ म्हणजे भेट, कब्जा दिला की ती घेणाऱ्याची होते. ‘बै’ म्हणजे विक्री, तिने मालकी बदलते. ‘इजारा’ म्हणजे भाडं, त्यात मोबदला देऊन फक्त वापर मिळतो. महिन्याचे हे खेळ हिबा नाहीत आणि बैही नाहीत. तो इजारा आहे.

इजारा जायज आहे, त्यात वाईट काही नाही. नव्या खेळाची किंमत ४,९९९ रुपयांपर्यंत जाते, तेव्हा ज्या घरात तीन मुलं रोज खेळतात तिथे वर्गणी परवडूही शकते. पण भाड्याला भाडंच म्हणावं. कंत्राटी पगारावर चालणाऱ्या घरात ज्या महिन्याला पगार लांबतो, त्या महिन्यात हा फरक कळतो. डिस्क घेतली असेल तर ती विकून निम्मे तरी पैसे सुटतात. वर्गणी थांबली की हाती काहीच उरत नाही.

म्हणून पालकांना मी एवढंच सांगतो: यंत्र घेण्याआधी त्याच्या किमतीत चार-पाच वर्षांची वर्गणी मिळवा. आणि हा हिशेब मुलांच्या हातूनच करून घ्या.