रस्ता गावाचा, हुकूम जिल्ह्याचा

अकोले तालुक्याच्या नकाशावर एक मोठा रस्ता पूर्व-पश्चिम जाताना दिसतो. नगर–मनमाड मार्गावरच्या कोल्हारहून निघून संगमनेर, अकोले, राजूर, बारी करत तो मुंबई–आग्रा मार्गावरच्या घोटीला मिळतो. बाकीच्या तालुक्याचे दळणवळण याला जोडलेल्या अरुंद रस्त्यांवर चालते. शेंडीहून रतनवाडी, साम्रद, घाटघरकडे जाणारा रस्ता, मुळा खोऱ्यात कोतूळकडे आणि पुढे हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनईकडे जाणारा, आढळा खोऱ्यात समशेरपूरकडे जाणारा. दूध, भात, ऊस, एसटी, शाळेची मुले, दवाखान्यात न्यायचा रुग्ण, सगळे याच रस्त्यांनी जाते. खडी, मुरूम आणि वाळूचे डंपरही याच रस्त्यांनी जातात.

डांबर उखडले, साईडपट्टी खचली, मोरी बसली की ग्रामसभेत एक मागणी हमखास होते: जड वाहने बंद करा. या मागणीला कायद्याचे बळ किती, ते कुठून आले आणि गावापर्यंत किती पोचले, हे उपलब्ध कागदांवरून पाहता येते. कायदे, अधिसूचना, समित्यांचे अहवाल आणि रस्ते-आराखडे ओळीने लावले की दीडशे वर्षांची एक सलग हकीकत उभी राहते. रस्ता राखण्याचा भार आणि रस्त्यावर काय चालेल हे ठरवण्याचा अधिकार या दोन गोष्टी तिच्यात सुरुवातीपासून वेगवेगळ्या हातांत आहेत.

पहिला महत्त्वाचा कागद १८६९ चा. त्या वर्षीच्या मुंबई लोकल फंड कायद्याने शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा उपकर पक्का केला. या पैशाचा एक तृतीयांश शाळांना आणि उरलेला मुख्यतः रस्ते, विहिरी अशा स्थानिक कामांना जाई. म्हणजे गावापर्यंत जाणाऱ्या रस्त्याचा खर्च शेतकऱ्याच्या सारापट्टीतून निघत होता. पाठोपाठ १८७५ चा रस्ते आणि पुलांवरील पथकराचा कायदा आला. त्याने रस्ता वापरणाऱ्याकडून वसुली करण्याचा अधिकार सरकारला दिला. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर व्यवस्था स्पष्ट होते. रस्त्यासाठी पैसा कोणी द्यायचा हे ठरले होते. रस्त्यावरून किती वजन न्यायचे हा प्रश्न अजून कायद्यात आलाच नव्हता, कारण रस्त्यावरचे सर्वांत जड वाहन बैलगाडी होते आणि तिच्या ओझ्याला बैलांच्या ताकदीचीच मर्यादा होती.

ती मर्यादा मोटारीने मोडली. मोटारींविषयीचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ चा. नोव्हेंबर १९२७ मध्ये सरकारने भारतातील रस्त्यांचा विचार करण्यासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष मुकुंद रामराव जयकर. समितीने १९२८ मध्ये अहवाल दिला आणि त्यात एक गोष्ट निःसंदिग्ध नोंदवली: रस्त्यांचा विकास प्रांतिक सरकारांच्या आणि स्थानिक संस्थांच्या आर्थिक आवाक्याबाहेर चालला आहे. त्यावर उपाय म्हणून १९२९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसवून त्यातून रस्त्यांसाठी केंद्रीय निधी उभा केला गेला.

जयकर समितीचा हा निष्कर्ष अकोल्यासारख्या तालुक्याच्या दृष्टीने कळीचा आहे. मोटारीने होणारी झीज लोकल बोर्डासारख्या स्थानिक संस्थेच्या तिजोरीला पेलणारी नाही, हे सरकारच्या कागदात इथे ठळकपणे आले. पण उपाय काढला तो पैशाचा. ज्याच्या रस्त्याची झीज होते त्याला वाहतुकीवर अधिकार द्यावा, हा विचार त्यात नाही.

पुढचा टप्पा डिसेंबर १९४३ चा. देशभरातील मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी रस्त्यांची उतरंड ठरवली: राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग आणि शेवटी ग्रामीण मार्ग. शेती बऱ्यापैकी विकसित असलेल्या भागात कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर राहू नये, हे त्यांनी उद्दिष्ट मानले. आजही रस्त्याकडेच्या पाट्यांवर ‘ग्रा.मा.’ (ग्रामीण मार्ग) आणि ‘इ.जि.मा.’ (इतर जिल्हा मार्ग) ही अक्षरे दिसतात, त्यांचे मूळ नागपूरच्या त्या वर्गवारीत आहे. वर्ग ठरला की रुंदी, भरावाची जाडी आणि खर्च ठरतो. म्हणून ग्रामीण मार्ग कमी जाडीचा असतो. तो थोड्या आणि हलक्या वाहतुकीसाठीच आखलेला असतो.

स्वातंत्र्यानंतर हा भार कोणाच्या खांद्यावर गेला तेही नोंदलेले आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४५ ने आणि त्याला जोडलेल्या ग्रामसूचीने सार्वजनिक रस्ते, गटारे, बांध आणि पूल बांधणे, दुरुस्त करणे हे ग्रामपंचायतीचे काम ठरवले. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग त्यांच्याकडे गेले. पण ग्रामपंचायतीच्या कराच्या यादीत वाहने म्हणून येतात ती सायकल आणि जनावरांनी ओढायची वाहने. मोटारीवरचा कर राज्याचा. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतल्या ५७ व्या नोंदीत तो स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणजे ज्या वाहनाने गावाचा रस्ता सर्वांत जास्त झिजतो त्यावर कर लावण्याची मुभा गावाला नाही.

आता मूळ प्रश्न, बंदीचा अधिकार. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात कलम ७४ होते. १९८८ च्या नव्या कायद्यात ते जवळपास तसेच कलम ११५ म्हणून आले. सार्वजनिक सुरक्षितता किंवा सोय यांसाठी, किंवा रस्त्याच्या अथवा पुलाच्या स्वरूपामुळे आवश्यक वाटल्यास, राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली यंत्रणा राजपत्रात अधिसूचना काढून ठरावीक रस्त्यावर ठरावीक प्रकारच्या वाहनांना मनाई करू शकते. यातला रस्त्याच्या स्वरूपाचा उल्लेख अत्यंत मोलाचा आहे. अपघात झालाच पाहिजे, कोंडी झालीच पाहिजे, अशी अट नाही. रस्ता हे वजन पेलण्याजोगा नाही, एवढे कारण कायद्याला पुरते.

याच कलमाच्या परंतुकात आणखी एक सोय आहे. बंदी एक महिन्याहून अधिक काळ नसेल तर राजपत्रातील अधिसूचनेची गरज नाही, स्थानिक पातळीवर योग्य प्रसिद्धी पुरते. मात्र बंदी घातली की कलम ११६ प्रमाणे पाटी उभारणे बंधनकारक आहे. वजनाची मर्यादा, ॲक्सलच्या वजनाची मर्यादा आणि ट्रकबंदी ही तिन्ही चिन्हे अनिवार्य चिन्हांत मोडतात. अधिसूचनेशिवाय गावाने स्वतःहून उभी केलेली लोखंडी कमान या चौकटीत बसत नाही. रस्त्यातला अडथळा म्हणून ती काढायला लावता येते.

अधिकार दिलेली यंत्रणा कोणती, याचे उत्तर आदेशांच्या मथळ्यात मिळते. पोलिसांचे वाहतूक-आदेश कलम ११५, ११६ आणि ११७ सोबत गृह विभागाच्या २७ सप्टेंबर १९९६ च्या अधिसूचनेचा हवाला देतात. १९५१ च्या पोलीस अधिनियमाचे कलम ३३ रहदारीचे नियम करण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांना देते. भोर–महाड रस्त्यावरच्या वरंध घाटात पावसाळ्यात अवजड वाहनांना बंदी घालणारे रायगड जिल्हाधिकाऱ्यांचे अलीकडचे आदेशही कलम ११५ वरच उभे आहेत. पावसाळ्यापुरती हंगामी बंदी घालता येते, याचा हा सह्याद्रीतलाच दाखला. घाटघर आणि रतनवाडीचा परिसर नगर जिल्ह्यातील सर्वांत जास्त पावसाचा. भिजलेल्या भरावाची वजन पेलण्याची ताकद झपाट्याने घटते. त्यामुळे अशी हंगामी बंदी अकोल्याच्या या डोंगराळ पट्ट्यासाठी, म्हणजे डांगाणासाठीही, रस्त्याच्या स्वरूपावरून मागता येते. पण अर्ज करणारे गाव आणि आदेश काढणारे कार्यालय यांच्यातले अंतर तेवढेच राहते.

वजनाची भाषा नीट समजल्याशिवाय या आदेशांचे मोल कळत नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यात ओटावाजवळ १९५८ ते १९६० या काळात झालेल्या मोठ्या रस्ता-चाचणीतून एक नियम निघाला: ॲक्सलवरचे वजन वाढले की रस्त्याची हानी साधारण त्या वाढीच्या चौथ्या घाताने वाढते. वजन दुप्पट, तर हानी सोळापट. भारतातही अभियंते ८.१६ टनांचा ॲक्सल प्रमाण धरून रस्त्याची जाडी काढतात. चार चाकांच्या एका ॲक्सलवर कायद्याने चालणारे वजन मात्र २०१८ पर्यंत १०.२ टन होते आणि जुलै २०१८ च्या अधिसूचनेने ते ११.५ टन झाले. चौथ्या घाताने हिशेब केला तर ११.५ टनांचा एक ॲक्सल जवळपास चार प्रमाण ॲक्सलांएवढी झीज करतो. १०.२ वरून ११.५ वर येतानाच हानी सुमारे ६० टक्क्यांनी वाढते.

ग्रामीण रस्त्यांच्या संकल्पनासाठी भारतीय रस्ते महासभेच्या मार्गदर्शिकेत सर्वांत कमी वाहतुकीचा वर्ग दहा वर्षांत १०,००० ते ३०,००० प्रमाण ॲक्सल एवढा आहे. भागाकार केला तर दिवसाला साधारण तीन ते आठ येतात. कायदा पाळून भरलेले दोन ट्रकसुद्धा मागच्या ॲक्सलांनीच अशा रस्त्याचा दिवसभराचा वाटा संपवतात. ओव्हरलोड गाडीची गोष्ट तर याच्या पलीकडची. म्हणजे वाहनाची कायदेशीर मर्यादा आणि रस्त्याची ताकद या दोन गोष्टी एकच नाहीत. वाहन नियमात असूनही रस्ता मोडू शकतो. कलम ११५ ची गरज नेमकी इथे आहे.

त्यात मोजमापाचा घोळ भर घालतो. खडी, मुरूम, वाळू अशा गौण खनिजाचे स्वामित्वधन आणि वाहतूक-पास ब्रासमध्ये असतात. वाहनाच्या नोंदणीपुस्तकात वजन किलोत असते. रस्त्याचा आराखडा ॲक्सल मोजतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. घनमीटरला १.६ टन धरले तर एका ब्रासचे वजन साडेचार टनांच्या आसपास जाते, आणि ओली वाळू त्याहून जड. पासावरचे ब्रास बरोबर असले तरी ॲक्सलवरचे वजन मर्यादेत आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही. वजन तपासायचे तर कलम ११४ प्रमाणे वाहन पुढच्या मार्गावरील कोणत्याही ठिकाणापासून दहा किलोमीटरच्या आत किंवा गंतव्यापासून वीस किलोमीटरच्या आत असलेल्या काट्यावरच नेता येते. काटे असतात बाजारगावी आणि साखर कारखान्यावर. डोंगराच्या पोटातल्या रस्त्यावर या कलमाचा हात सहज पोचत नाही.

इथवरचे सगळे कागद एकाच दिशेने जातात: भार खाली, अधिकार वर. पण १९९६ सालचाच दुसरा एक कागद वेगळ्या दिशेने जातो आणि तो अकोल्याला थेट लागू आहे. २ डिसेंबर १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने महाराष्ट्रातील अनुसूचित क्षेत्रे नव्याने जाहीर झाली. नगर जिल्ह्यातून त्यात फक्त अकोले तालुक्यातील गावे आहेत, महादेव कोळी आणि ठाकर समाजांची. २४ डिसेंबर १९९६ रोजी अनुसूचित क्षेत्रांसाठी पंचायतींचा विस्तार करणारा कायदा, म्हणजे पेसा, अमलात आला. वाहतूक-आदेशांना आधार देणाऱ्या गृह विभागाच्या अधिसूचनेनंतर तीन महिन्यांच्या आत. पेसाच्या चौथ्या कलमानुसार अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाचा पूर्वेक्षण परवाना किंवा खाणपट्टा देण्यापूर्वी, तसेच लिलावाने सवलत देण्यापूर्वी, ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस बंधनकारक आहे. राज्याने ग्रामपंचायत अधिनियमात स्वतंत्र प्रकरण घातले आणि ४ मार्च २०१४ रोजी पेसाचे नियम प्रसिद्ध केले.

मोटार वाहन कायदा आणि पेसा हे दोन कायदे वेगवेगळ्या खात्यांनी राबवले. एक पोलीस आणि परिवहनाकडे, दुसरा ग्रामविकास, आदिवासी विकास आणि महसुलाकडे. म्हणून ते एकत्र वाचले जात नाहीत. एकत्र वाचले तर अकोल्यातील पेसा गावाची स्थिती बाकीच्या गावांहून वेगळी दिसते. रस्त्यावर आलेला डंपर थांबवण्याचा अधिकार ग्रामसभेला नाही. पण गावच्या हद्दीतल्या ज्या दगडखाणीची खडी त्या डंपरमध्ये भरायची, तिचा पट्टा ग्रामसभेचे म्हणणे घेतल्याशिवाय देता येत नाही. वाहन रस्त्यावर येण्याआधीच्या टप्प्यावर गावाचा आवाज कायद्याने मानलेला आहे.

म्हणून ग्रामसभेच्या शिफारशीच्या ठरावात ‘हरकत नाही’ किंवा ‘हरकत आहे’ एवढेच लिहून थांबू नये. माल कोणत्या रस्त्याने जाणार, त्या रस्त्याचा वर्ग कोणता, दिवसाला किती खेपा, ॲक्सलवर जास्तीत जास्त किती वजन, जून ते सप्टेंबर वाहतूक बंद राहणार की नाही, भरल्यानंतर वजन कुठल्या काट्यावर होणार, रस्ता खचला तर दुरुस्ती कोण करणार, हे ठरावात आले पाहिजे. त्याच ठरावाची प्रत जोडून त्याच रस्त्यासाठी कलम ११५ चा आदेश जिल्हा प्रशासनाकडे मागितला पाहिजे, कारण रस्त्याचे स्वरूप हे कारण कायदा स्वतःच मान्य करतो. पट्टा देणारे आणि वाहतुकीचा आदेश काढणारे कार्यालय एकाच जिल्ह्यात असते. दोन्ही फाइलींत एकच ठराव असला तर एका विभागाने दिलेली परवानगी दुसऱ्या विभागाच्या रस्त्यावर आदळणार नाही.

१८६९ पासून गावाने आपल्या रस्त्यासाठी पैसा दिला, दुष्काळी कामांवर खडी फोडली, जमीन सोडली. वाहतुकीच्या निर्णयात त्याला वाटा देणारा कागद सव्वाशे वर्षांनी आला, आणि नगर जिल्ह्यात तो अकोल्याच्याच वाट्याला आला. त्यातला अधिकार मर्यादित आहे, पण तो शिफारशीच्या वेळी नेमक्या शब्दांत वापरला तर रस्ता मोडल्यानंतरच्या दहा निवेदनांपेक्षा अधिक काम करील.