कॅनडातील जपानी : युद्धाआधीच हिरावलेले मत

दुसऱ्या महायुद्धात कॅनडाने जपानी वंशाच्या लोकांना भीतीपोटी छावण्यांत डांबले, असे सांगितले जाते. आम्हाला हे मान्य नाही. भीती हा बहाणा होता. या लोकांना निराधार करण्याचे काम पन्नास वर्षे आधीच सुरू झाले होते.

ब्रिटिश कोलंबिया प्रांताने १८९५ मध्येच जपान्यांचा मताधिकार कायद्याने काढून घेतला. चिन्यांचा त्याआधीच गेला होता, भारतीयांचा १९०७ मध्ये गेला. तोमेकिची होम्मा हे रीतसर नागरिकत्व घेतलेले गृहस्थ. १९०० मध्ये त्यांनी मतदार यादीत आपले नाव घाला म्हणून मागणी केली. कॅनडातल्या न्यायालयांत ते जिंकले, पण १९०२ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. यादीत नाव नाही म्हणून वकिलीही करता येत नव्हती! पहिल्या महायुद्धात सुमारे दोनशे जपानी कॅनडाच्या बाजूने लढले. त्यांतल्या हयात सैनिकांना मत मिळायला १९३१ उजाडले, तेही विधानसभेत एका मताच्या फरकाने.

आता १९४२ पाहा. लष्करातल्या आणि पोलिसांतल्या वरिष्ठांना जपान्यांपासून मोठा धोका दिसत नव्हता. ओरड होती ती ब्रिटिश कोलंबियाच्या राजकारण्यांची, आणि त्यांना जपान्यांच्या मतांची पर्वा करण्याचे कारणच नव्हते. किनाऱ्यापासून शंभर मैलांच्या पट्ट्यातून सुमारे २२,००० माणसे हाकलली गेली. त्यांतले बहुसंख्य कॅनडाचेच नागरिक होते. व्हँकूव्हरच्या हेस्टिंग्ज पार्कमध्ये बायका-मुलांना जनावरांच्या गोठ्यात ठेवले. मासेमारीच्या सुमारे १,२०० बोटी आधीच जप्त झाल्या होत्या. जानेवारी १९४३ मध्ये मालकांना न विचारता घरे आणि शेते विकण्याचा हुकूम निघाला, आणि त्या पैशांतून त्यांच्याच कोंडवाड्याचा खर्च वसूल केला. देशद्रोहाचा खटला मात्र एकावरही नाही.

बरे, युद्ध संपल्यावर तरी? १९४६ मध्ये सुमारे चार हजार जणांना जपानला पाठवले. त्यांतल्या अनेकांनी जपान कधी पाहिलाही नव्हता. किनाऱ्यावर परतण्याची बंदी १ एप्रिल १९४९ ला उठली. प्रांतात मताधिकारही त्याच वर्षी मिळाला.

जपानी कॅनेडियनांच्या संघटनेने नेट लावून लढा दिला, तेव्हा कुठे २२ सप्टेंबर १९८८ रोजी पंतप्रधान मल्रोनी यांनी संसदेत माफी मागितली. प्रत्येकी २१,००० डॉलर मिळाले, पण फक्त तोवर जिवंत असलेल्यांना. विकलेली घरे आणि शेते परत मिळाली नाहीत.