मराठा पागेतील चाऱ्याची व्यवस्था आणि कोल्हापूर परिसरातील गवत : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
मराठ्यांच्या लष्करी यशाचे श्रेय इतिहासलेखनात प्रामुख्याने घोडदळाच्या चपळाईला दिले जाते. ही चपळाई ज्या जनावरांवर अवलंबून होती, त्यांच्या आहाराचा विचार मात्र तुलनेने कमी झाला आहे. प्रस्तुत लेखात पागेतील चाऱ्याची व्यवस्था आणि कोल्हापूर परिसरातील गवत यांचा संबंध तपासला आहे.

पागेची शिस्त :
घोड्याच्या शिधावाटपाची परंपरा जुनी आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात घोड्यांचे उत्तम, मध्यम व कनिष्ठ असे वर्ग करून खालच्या वर्गांना कमी शिधा सांगितला आहे. सर्व जनावरांना एकच माप लावू नये, हे तत्त्व त्यात दिसते.

मराठाकाळात याच शिस्तीचे दर्शन छत्रपती शिवाजी महाराजांच्या चिपळूण परिसरातील छावणीस पाठविलेल्या पत्रात (सुमारे इ.स. १६७३-७४) घडते. पावसाळ्यासाठी केलेली दाणा-गवताची बेगमी आधीच बरीच खर्ची पडली होती. असेल तोवर मनमानी चारल्यास ऐन पावसात घोडी उपाशी मरतील, मग स्वार कुणब्यांचे दाणे व गवत हिसकावतील आणि रयत परागंदा होईल, असा इशारा त्यात दिला आहे. चाऱ्याचा प्रश्न येथे थेट रयतेच्या संरक्षणाशी जोडला गेला आहे.

घोडा आणि गवत :
भीमा-नीरा खोऱ्यातील भीमथडी घोडा लहान चणीचा, काटक आणि थोडक्या चाऱ्यावर तग धरणारा होय. टंचाईत उपकारक ठरणारा हाच गुण विपुलतेत बाधक ठरतो. काम थांबले आणि दाणा चालूच राहिला, तर असे जनावर लवकर अंग धरते. पावसाळ्यात मोहिमा थांबत व दसऱ्यानंतर मुलुखगिरी सुरू होई; त्यामुळे बसून असलेल्या घोड्याला बेताने चारणे युद्धसज्जतेच्या दृष्टीनेही आवश्यक होते, असे अनुमान करता येते.

कोल्हापूरच्या भूगोलात चाऱ्याची विविधता आढळते. पश्चिमेकडील गगनबावडा, राधानगरी या अतिवृष्टीच्या पट्ट्यात डोंगरउतारावरचे गवत, तर पूर्वेकडील शिरोळ, हातकणंगले भागात ज्वारीचा कडबा. फुलोऱ्यापूर्वी कापलेले गवत कोवळे व पौष्टिक असते. बी धरल्यानंतर कापलेल्या गवतात काष्ठमय तंतू वाढतात आणि पोषण कमी होते. लवकर लठ्ठ होणाऱ्या घोड्याला हे दुसरे, परंतु बुरशी व धूळ नसलेले, वाळलेले गवत अधिक योग्य, असे आजचे पशुवैद्यकशास्त्र मानते. दिवसाचा कोरडा चारा सर्वसाधारणपणे शरीरभाराच्या दीड ते दोन टक्के असावा. एकदम उपाशी ठेवणे मात्र घातक ठरते. अतिरिक्त दाणा व गोड पदार्थांमुळे खुरांच्या आतील भागास दाह होऊन घोडा कायमचा लंगडा होऊ शकतो. विसाव्या शतकात ऊसशेती विस्तारलेल्या या जिल्ह्यात ऊस व गूळ सहज हाताशी असल्याने हा धोका विशेष लक्षात घ्यावा लागतो.

निष्कर्ष :
१. मराठा पागेत चाऱ्याचे नियोजन हा राज्यकारभाराचा भाग होता.
२. काटक घोड्यास भरपूर चारण्यापेक्षा योग्य चारा मोजून देणे हितावह ठरते.
३. पत्रातील काटकसरीचा हेतू टंचाई टाळणे हा होता. परंतु मोजून चारण्याची तीच शिस्त आज विपुलतेच्या काळातही उपयुक्त आहे.